फाईल कोणाच्या नावावर

मी रागीट माणूस आहे आणि माझा राग बहुतेक वेळा चुकीच्या माणसावर निघतो, असं माझी बायको म्हणते. मला ते मान्य आहे. पण जे सांगायला बसलोय त्यात मी कोणावर रागावलो नाही, आवाज चढवला नाही, एक शब्दही खोटा बोललो नाही. एक ओळ छापून दिली, एवढंच केलं. ती ओळ मला अजून तोंडपाठ आहे.

नव्वदचं दशक संपता संपता मी मुरबाडच्या एका शिक्षणसंस्थेच्या ऑफिसात चिकटलो. घर शहापूरला. सकाळची एसटी किन्हवली, सरळगाव करत मुरबाडला टेकेपर्यंत साडेदहा वाजत आलेले असायचे, आणि भाऊसाहेब, म्हणजे आमचे हेडक्लार्क, घड्याळाकडे न बघता माझ्याकडे बघायचे. बोलायचे मात्र नाहीत. मी कल्याणला वर्षभराचा कॉम्प्युटरचा कोर्स केला होता आणि त्या ऑफिसात तो कोर्स केलेला मी एकटाच होतो. तेवढ्यावर मी किती मिरवायचो, ते आता आठवलं की माझं मलाच हसू येतं.

एमआयडीसीतल्या एका कारखान्यानं जुना झालेला संगणक संस्थेला देऊन टाकला होता. एक मोठी पेटी आणि वायरींनी तिला जोडलेले चार पडदे, चार कीबोर्ड. चारही जण एकाच पेटीत काम करायचे, एकाच कपाटात चौघांनी कागद ठेवावेत तसे. मी त्यात लिनक्स बसवलं. काळ्या पडद्यावर पांढरी इंग्रजी अक्षरं, ना चित्र ना माऊस. प्रत्येकाला स्वतःचं खातं आणि पासवर्ड दिला. आणि प्रत्येक फाईलला मालक असतो, हे सगळ्यांना बसवून शिकवलं.

शिकवताना मी सातबाऱ्याचा आधार घेतला. भाऊसाहेबांच्या घरची भातशेती पिढ्यान्‌पिढ्यांची, त्यांना सातबारा माझ्याहून जास्त कळायचा. मी म्हटलं, सातबाऱ्यावर मालकाचं नाव असतं, कसणाऱ्याची नोंद असते, इतर हक्क वेगळे लिहिलेले असतात. तसंच इथं. फाईलचा मालक कोण, त्याच्या गटातले कोण, बाकीचे कोण. आणि प्रत्येकाला काय करता येईल: वाचता येईल, लिहिता येईल, का चालवता येईल. मालकाचं नाव, शेवटच्या बदलाची तारीख आणि वेळ, सगळं एका ओळीत दिसतं. भाऊसाहेब खूश झाले. म्हणाले, "म्हंजे तलाठ्याकडं जायला नको." मीही खूश झालो. सातबाऱ्यावर नाव एकाचं आणि शेत कसतोय दुसराच, असं आमच्या तालुक्यात वाडीवाडीला आहे, हे मला तेव्हा सांगावंसं वाटलं नाही. त्यानं माझा धडा बिघडला असता.

ऑफिसात एक ताई होत्या. माझ्याहून आठदहा वर्षांनी मोठ्या, शहापूरच्याच. नवरा लवकर गेलेला, मूलबाळ नाही, भावाच्या घरी राहायच्या, आडनावही माहेरचंच लावायच्या. सकाळच्या एसटीत त्या आधी चढायच्या आणि शेजारच्या सीटवर रुमाल टाकून माझी जागा धरायच्या. त्यांच्या घरात मोठ्यांच्या वेळीच बौद्ध धम्म आलेला. वडील रेल्वेत होते आणि मुलीला शिकवायचंच असा त्यांचा हट्ट होता. ताई त्या हट्टाच्या कौतुकात वाढलेल्या. काम नीट, अक्षर नीट, साडीच्या निऱ्यासुद्धा नीट. दुपारी डब्यातली सुकटीची चटणी माझ्या भाकरीवर न विचारता वाढायच्या. त्याही माझ्यासारख्याच तात्पुरत्या होत्या. फरक इतकाच की मी दोन वर्षं तात्पुरता होतो आणि त्या आठ वर्षं. जूनमध्ये एक जागा कायम होणार, असं वर्षभर बोललं जात होतं. ती ताईंची, यात कोणाला शंका नव्हती. मलाही नव्हती, निदान मी तसं म्हणायचो.

माझा तो परवानग्यांचा धडा खरा कळला तो ताईंनाच. वर्गात त्यांनी एकच प्रश्न विचारला: "भाऊ, वाचायला सगळ्यांना द्यायचं आनि लिवायला फकस्त मला, असं जमंल का?" मी म्हटलं, जमेल, त्याच्यासाठीच तर हे केलंय. त्यांनी आपल्या फायलींना तसं करून घेतलं.

आणि त्यातूनच पहिली ठिणगी पडली. एका सकाळी भाऊसाहेबांनी ताईंची कुठली तरी यादी उघडली, त्यात एका आडनावाचं स्पेलिंग दुरुस्त करायला गेले आणि यंत्रानं त्यांना परवानगी नाही असं सांगितलं. इंग्रजीत, पण भाऊसाहेबांना तेवढं इंग्रजी चांगलं येत होतं. ते उठून माझ्या टेबलाशी आले. चेहरा लाल.

"माझ्या ऑफिसात मला परवानगी नाय?"

मी समजावायला लागलो, की असं सगळ्यांनाच असतं, यात मानापमानाचं काही नाही. त्यांनी ऐकून घेतलं नाही. "आमच्या गावात बाहेर जाताना घराची चावी शेजारी ठेवतात. कोन इचारत नाय, का ठेवली म्हनून. नाय ठेवली तर इचारतात. शेजारी चोर हाय का?" मग ताईंकडे न बघता म्हणाले, "उद्यापास्नं सगळ्यांना सगळं दिसलं पायजे आनि सगळ्यांना सगळं करता आलं पायजे. कुलपं बंद."

खरं तर मी नकार द्यायला हवा होता. कोर्समध्ये मला हेच तर शिकवलं होतं. पण तात्पुरत्या माणसाचा कणा किती ताठ असणार. वाचायचे चार, लिहायचे दोन, चालवायचा एक, असे आकडे असतात; तिन्हींची बेरीज सात. मालकाला सात, गटाला सात, बाकीच्यांना सात, असं मी ऑफिसच्या अख्ख्या फोल्डरला लावून टाकलं. एका ओळीचं काम. ताईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "मंग मालक कशाला लिवायचा वर?" मी हसून सोडून दिलं.

त्याच हिवाळ्यात ठाण्याच्या एका रुग्णालयाकडून पत्र आलं. आरोग्यसेविकेचं दीड वर्षाचं प्रशिक्षण, राहणं-जेवण तिथंच, पुढे नोकरीची बऱ्यापैकी खात्री. बारावी झालेल्या बारा मुलींची नावं आमच्या संस्थेनं पाठवायची होती. यादीचं काम ताईंकडे आलं. अकरा नावं सरळ गुणांवर बसली. बारावं अडलं. दोन मुलींचे गुण सारखे: एक ताईंच्या भावाची मुलगी, दुसरी वैशाखरे गावाच्या वरच्या अंगाला असलेल्या एका वाडीतली. यादीचा पहिला खर्डा झाला तेव्हा अर्ज आधी आला म्हणून बाराव्या जागी भाचीचं नाव होतं.

ताईंनी मला एसटीत सांगितलं, तेव्हा किन्हवली मागे पडली होती. त्या खिडकीबाहेर बघत होत्या. "भाऊ, मी रात्री इचार केला. आमची पोर शापुरात ऱ्हाते. तिला पुढं धा वाटा हायेत. त्या पोरीला ही एकच. मी आमचीचं नाव काढून तिचं घातलं." मी विचारलं, घरी सांगितलंत का? त्यांनी मान हलवली. भावानं जेवणाच्या ताटावरून उठून जाऊन तेव्हापासून त्यांच्याशी बोलणं टाकलं होतं. वहिनी म्हणाली, सख्ख्या आत्यानं भाचीचं नाव खोडलं, असं कुठं ऐकलं नव्हतं. ताई हे सांगताना रडल्या नाहीत. पण उतरताना रुमाल सीटवरच विसरल्या, तो मी उचलून दिला.

त्या मुलीच्या वडिलांनाही ताईंनी निरोप पाठवला, की नाव घातलंय, आता कपडे शिवायला टाका.

त्याच आठवड्यात म्हसा गावची जत्रा लागली. आमच्याकडे म्हशाची जत्रा म्हणजे अर्धा तालुका रजेवर. संस्थेच्या पोरांनी सकाळीच दांडी मारलेली, शिक्षकांनी दुपारी. माझे दोन मित्र अडीचच्या जादा गाडीसाठी स्टँडवर येऊन थांबलेले. दोन वाजता मी निघायच्या तयारीत, आणि भाऊसाहेबांनी हाक मारली. त्यांच्या पडद्यावर काही तरी उडालं होतं. ते ऑफिसच्या फोल्डरमध्ये सराव करत बसले होते आणि कुठल्या कुठल्या फायली कोऱ्या करून बसले होते. कुठल्या, ते त्यांनाही सांगता येईना. "दोन का तीन," म्हणाले. "अध्यक्षांना काय सांगू नको."

फायली शोधून एकेक तपासायला तास गेला असता. शनिवारी मी अख्ख्या फोल्डरची नक्कल काढून ठेवत असे. मागच्या शनिवारची हाताशी होती. मी रूट या मुख्य खात्यात शिरलो, ज्याला कसलीच परवानगी लागत नाही, आणि शनिवारची अख्खी नक्कल आजच्या फोल्डरवर ओतली. सतरा फायली, मिनिटही लागलं नाही. भाऊसाहेबांच्या फायली परत आल्या. ते म्हणाले, शाब्बास. पलीकडच्या खोलीत ताई पालकांचे फॉर्म घेत बसल्या होत्या. पाच पावलांवर. या आठवड्यात फोल्डरमध्ये काही बदललंय का, एवढं विचारायचं होतं. मी विचारलं नाही. यादीचं मला एसटीत सांगितलेलं होतं, तेही त्या क्षणी डोक्यात आलं नाही. डोक्यात अडीचची गाडी होती.

जत्रा मात्र झकास झाली. बैलबाजारात फिरलो, एक घोंगडी घेतली, घासाघीस करून. त्या दुपारी मी किती खुशीत होतो ते आठवलं की अजून कानशिलं तापतात.

दुसऱ्या दिवशी ताई रजेवर होत्या. यादी पाठवायचा शेवटचा दिवस होता. भाऊसाहेबांनी ती छापली, अध्यक्षांनी सही केली, पाकीट गेलं. वाचलं कोणी नाही. त्या यादीत बारावं नाव भाचीचं होतं, कारण शनिवारी ते तिचंच होतं. ताईंनी ते बदललं मंगळवारी.

दहाबारा दिवसांनी वैशाखऱ्याकडचा तो बाप ऑफिसात आला. खांद्यावर पिशवी, पिशवीत मुलीचे नवे कपडे असलेलं पुडकं, दुकानातून थेट आलेला. बाकी मुलींना पत्रं आली, आमच्या पोरीला का नाय, असं विचारायला. भाऊसाहेबांनी यादीची प्रत काढली, बोट वरून खाली फिरवलं आणि बाराव्या नावावर थांबवलं. ते आडनाव त्यांच्या ओळखीचं होतं. रोज मस्टरवर ते आडनाव ते बघत होते.

"ह्यांचं असंच," ते म्हणाले. हळू म्हणाले, पण मला ऐकू आलं. ह्यांचं म्हणजे कोणाचं, ते मला कळलं आणि मी गप्प राहिलो. गप्प राहायला त्याच क्षणी सुरुवात झाली, असं मी आता मोजतो.

अध्यक्ष आले. म्हातारा माणूस, अंगठाछाप नव्हे पण फार शिकलेलाही नाही, आणि मनानं न्यायी. त्यांनी बापाला बाहेर बाकावर बसवून चहा द्यायला सांगितलं आणि आम्हा तिघांना संगणकाच्या खोलीत बोलावलं. दार लोटून घेतलं.

"ही यादी कोनाची?"

"माझी," ताई म्हणाल्या. "पन साहेब, हिच्यात मी आमच्या पोरीचं नाव काढलं होतं. त्या पोरीचं घातलं होतं. माझ्या हातानं."

"मंग हे काय?"

ताईंनी कागद हातात घेतला. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि लगेच दुसरीकडे बघितलं. स्वतःच्या घराचा दरवाजा उघडावा आणि आत भलतंच कोणी राहत असावं, तसं त्या त्या कागदाकडे बघत होत्या.

भाऊसाहेब म्हणाले, "वाद कशाला? मशीन सांगतं. ह्यानंच शिकवलंय आमाला. फाईल कोनाच्या नावावर, शेवटचा हात कधी लागला, तारीख, टाइम, सगळं निघतं."

"काढ," अध्यक्ष मला म्हणाले.

मी फोल्डरची यादी पडद्यावर आणली. सतरा ओळी उमटल्या. आणि मला दिसलं. सतराही ओळींपुढे एकच तारीख, एकच वेळ. जत्रेचा दिवस, दुपारी दोन वाजून दहा मिनिटं. सतरा फायलींत एकाच मिनिटाला कोणाचाही हात लागू शकत नाही. लागतो तो एकाच पद्धतीनं. जुन्या फाईलवर नक्कल ओतली की मालकाचं नाव जुनंच राहतं आणि वेळ मात्र नवी पडते. रूटनं केलेलं असलं तरी रूटचं नाव कुठं येत नाही. फाईल ताईंच्या नावावर होती, आहे, राहणार. हात माझा होता.

हे सगळं कळायला मला श्वास घेण्याइतका वेळ लागला. दुसऱ्या श्वासाला मी पडदा पुसला. ती आज्ञा टाइप करायला पाच अक्षरं लागतात. मग मी फक्त त्या एका फाईलची ओळ मागवली. एक ओळ. मालक: ताईंचं खातं. दिवस: जत्रेचा. वेळ: दोन दहा.

"छाप," अध्यक्ष म्हणाले. डॉट मॅट्रिक्स प्रिंटरवर ती करकरत निघाली.

"ह्या टायमाला तुमी कुठं होतात?"

"इथंच," ताई म्हणाल्या. "पलीकडं. फॉर्म घेत होते." ऑफिसात त्या वेळी आणखी कोण होतं, हे अध्यक्षांनी विचारलं नाही. जत्रेच्या दिवशी कोण असणार, असं त्यांनी धरून चाललं असावं. भाऊसाहेब खिडकीतून बाहेर बघत होते. दोन वाजता कोणी कोणाला हाक मारली होती, ते त्यांना आठवत असणारच. त्याचा आणि याचा संबंध त्यांना कळला होता का, हे मला आजवर ठरवता आलेलं नाही. कळला नसेल तर पाप माझं एकट्याचं. कळला असेल तरी माझं काही कमी होत नाही.

मग ताई माझ्याकडे वळल्या. "भाऊ, तुमी सांगा. असं आपोआप व्हतं का कधी? काढलेलं नाव परत येतं का?"

मी म्हटलं, "आपोआप नाही होत, ताई."

हे खरं होतं. अक्षरशः खरं. मी त्याहून नीच खरं कधी बोललेलो नाही.

त्या मिनिटाला माझ्या डोक्यात जूनची कायम जागा होती का? मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगितलं, की नव्हती, मी फक्त घाबरलो होतो. भीती होतीच. पण पडदा पुसताना माझा हात थरथरला नाही, आणि घाबरलेल्या माणसाचा थरथरतो.

ताईंनी छापलेल्या कागदाखाली सही केली. अध्यक्षांनी नुसतं "पाहिलं" म्हणून करा असं सांगितलं होतं, पण ऑफिसात तो कागद कबुली म्हणूनच राहिला. बाहेर बाकावरच्या बापाला भाऊसाहेबांनी सांगितलं, की आमच्या एका बाईनं गफलत केली, आता इलाज नाही, जागा भरल्या. तो बाप ताईंच्या समोरून गेला. चहाचा कप त्यानं तसाच भरलेला ठेवला होता.

एप्रिलमध्ये ताईंची मुदत वाढवली नाही. जूनमध्ये मी कायम झालो. पेढे वाटले. भाऊसाहेबांनी ताईंचं खातं बंद करायला सांगितलं, तेही केलं. खातं पुसलं की त्या माणसाच्या फायलींवर नावाच्या जागी नुसता एक आकडा उरतो, कारण यंत्राला आता त्या आकड्याचा माणूस सापडत नाही. पाचशे चार. आठ वर्षं काम केलेल्या ताईंच्या जागी ते पाचशे चार रोज पडद्यावर दिसायला लागले, तेव्हा मी त्या सगळ्या फायली माझ्या नावावर करून घेतल्या. त्यालाही एकच ओळ लागते. त्यानंतर मी परवानग्याही परत कडक केल्या. भाऊसाहेबांनी हूं का चूं केलं नाही.

सकाळच्या एसटीत मी उभा राहून जायला लागलो. जागा असली तरी.

सातआठ वर्षांनी ती पेटी भंगारात निघाली. देण्याआधी डिस्क कोरी करायचं काम माझंच. त्याआधी मी जुन्या शनिवारच्या नकला एकेक उघडून बघितल्या. ताईंनी मंगळवारी केलेली यादी कुठेच नव्हती. तिची नक्कल निघायच्या आत मी तिच्यावर जुनी ओतली होती. एका बाईनं सख्ख्या भाचीचं नाव खोडून परक्या मुलीचं लिहिलं, याचा पुरावा जगात उरला होता तो फक्त माझ्या डोक्यात, आणि मी तो कोणाला दिला नव्हता. त्या रविवारी सकाळी मी शहापुरात त्यांच्या घरी गेलो. बायकोला सांगितलं, जरा जाऊन येतो.

ताई ओट्यावर शिवणयंत्राशी बसल्या होत्या. केस बरेच पिकलेले. घर मोठं झालं होतं, वर एक मजला चढलेला. त्यांनी मला ओळखलं, आत नेलं, बुद्धाच्या मूर्तीखालच्या खुर्चीवर बसवलं, चहा टाकला. मी चहा यायची वाटही बघितली नाही. सगळं सांगून टाकलं. जादा गाडी, शनिवारची नक्कल, सतरा ओळी, पुसलेला पडदा. सांगताना रडलो. मला वाटलं होतं त्या ओरडतील, हाकलतील. मी त्यालाही तयार होतो. खरं सांगायचं तर मला ते हवंच होतं. मी म्हटलं, "अध्यक्ष अजून आहेत. मी त्यांच्यासमोर लेखी देतो. तुमच्या भावालाही सांगतो. त्या मुलीच्या घरीही जातो."

त्यांनी पदरानं हात पुसले.

"त्या पोरीचं त्याच उन्हाळ्यात लगीन लावून दिलं," त्या म्हणाल्या. "मी गेले व्हते वाडीवर. बापानं मला आत घेतलं नाय. बरोबर हाय त्याचं. आता तिला तीन पोरं हायेत. तिला जाऊन काय देनार तुमी?"

त्यांनी स्वयंपाकघरातून चहा आणून माझ्यापुढे ठेवला.

"आनि माझ्या भावाला सांगू नका. कोनालाच सांगू नका." त्या आता माझ्याकडे सरळ बघत होत्या. "ह्या घरात सगळ्यांना काय वाटतं, ठाव हाय? आत्यानं तोंडानं नाय म्हनलं, पन शेवटी भाचीचंच नाव पाठवलं. तिच्यासाठी आत्याची नोकरी गेली. भाऊ माझ्याशी बोलाय लागला तो तवापासून. पोरगी ठान्याला नर्स हाय. हा वरचा मजला तिनं बांधला, त्यात एक खोली माझी हाय. म्हातारपनी मला तीच बघनार. तिला जाऊन सांगू का, की बाई, तुझं नाव मी माझ्या हातानं खोडलं व्हतं?"

"पण ताई, तुम्ही तर—"

"मी बरोबर केलं व्हतं. मला म्हाईत हाय. तुमालापन म्हाईत हाय. बस झालं." मग तितक्याच नीट आवाजात म्हणाल्या, "तुमचं वझं हलकं कराया माझं घर नका मोडू."

चहा झाला. मी उठलो तेवढ्यात फाटकाचा आवाज आला. भाची आली, सुट्टीसाठी, हातात बॅग, पांढरे बूट. ताईंनी तिला हाक मारली. "इकडं ये गो. हे आमच्या हापिसातले. तुझं नाव त्या यादीत ऱ्हायलं ते ह्यांच्यामुळं."

मुलीनं बॅग खाली ठेवली आणि वाकून मला नमस्कार केला. म्हणाली, "सर, आत्या कधी बोललीच नाही तुमच्याबद्दल. तुमचे फार उपकार आहेत." मी ताईंकडे बघितलं. त्या माझ्याचकडे बघत होत्या, मी काय बोलतो ते ऐकायला.

मी मुलीच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हटलं, "सुखी राहा."